शंका आली तर मिटलेली

मॅडमच्या प्रयोगशाळेत ‘बहुतेक’ हा शब्द तोंडातून निघाला की बेसिन घासावं लागायचं. शिक्षा सगळ्यांना सारखी. एकदा दिल्लीहून तपासणीला आलेले एक गृहस्थ सहज म्हणाले, “शायद यह काम करेगा.” मॅडमनी हसत हसत त्यांच्या हातात काथ्या ठेवला. “शायद म्हणजे बहुतेकच,” त्या म्हणाल्या. गृहस्थांना वाटलं, इथली काही प्रथा असेल. त्यांनी कोट काढून, बाह्या सरसावून बेसिन घासलं, आणि वर विचारलं, “ठीक है?”

अकरा वर्षांत मी दोनदा घासलं, दोन्ही वेळा पहिल्याच महिन्यात. हे मी पूर्वी अभिमानाने सांगत असे.

आमची संशोधन संस्था परळला. मी तिथे तांत्रिक सहायक. यंत्रं चालू-बंद करायची, वाचनं घ्यायची, रजिस्टर लिहायचं, हे काम. मॅडम तिथे शास्त्रज्ञ होत्या. मूळच्या वरळी कोळीवाड्यातल्या आणि शेवटपर्यंत तिथेच राहणाऱ्या. वडील समुद्रावर जायचे, आई दादरच्या बाजारात मासळी विकायची. मॅडम सहा वर्षं परदेशात शिकून आल्या होत्या, पण वरळीहून परळला रोज चालत यायच्या, पायात निळ्या रबरी चपला घालून. मी एकदा विचारलं, “मॅडम, किती पावलं होतात?” त्या म्हणाल्या, “मी मोजत नाही. मोजणारा माणूस ठेवलाय ना.” तो माणूस मी. मला त्या तलाठी म्हणायच्या. “तलाठी, काय म्हणतोय आज तुझा सातबारा?” अशी त्यांची सकाळ सुरू व्हायची.

त्यांचं काम डीएनएचं. डीएनए म्हटलं की आपल्याला आईबाप, वारसा, नाहीतर पोलीस आठवतात. मॅडमना ते ऐकवत नसे. “दोरी आहे ती,” त्या म्हणायच्या. “आणि अशी दोरी, की जिला सांगून ठेवता येतं, इथे वळ, इथे चिकट, इथे सुट. माझा बापूस जाळं विणायचा तेव्हा त्याला कोणी विचारलं का, हा दोरा कुठल्या कुळातला?”

या दोरीची त्यांनी एक कडी केली होती. डोळ्यांना दिसणं तर सोडाच, साध्या सूक्ष्मदर्शकालाही दिसणार नाही इतकी लहान. मला जसं समजावलं तसंच सांगतो. आपल्या पेशीत लहान लहान पिशव्या असतात, त्यांत पेशीचा कचरा जिरतो. जिरायचा तर पिशवी आतून आंबट असावी लागते. एका आनुवंशिक आजारात हा आंबटपणा कमी पडतो, कचरा साठतो, आणि लहान मुलं हळूहळू चालायची विसरतात. मॅडमची कडी या पिशवीत शिरायची. पिशवी आंबट असली की कडी दुमडून मिटायची. आंबट नसली की उघडी राहायची. कडीच्या एका टोकाला चमकणारा रंग होता आणि दुसऱ्या टोकाला त्याला विझवणारा. मिटली की टोकाला टोक लागून अंधार, उघडी राहिली की उजेड. म्हणजे निरोगी पेशी काळोखी दिसली पाहिजे आणि आजारी पेशी उजळलेली.

पुढचा बेत मोठा होता. याच कडीत औषध अडकवायचं आणि जिथे ती उघडेल तिथेच ते सुटेल. पण त्या बेताबद्दल कोणी फार बोललं की मॅडम थांबवायच्या. “आधी खबर, मग काम. खबरच खोटी निघाली तर औषध कोणाच्या डोक्यावर ओतशील?”

पर्समध्ये त्या ब्लाउजच्या कापडाची वीतभर पट्टी बाळगायच्या, तिला एक हूक आणि एक काज शिवलेलं. कोणालाही कडी समजावायची तर ती पट्टी बाहेर. एकदा भर बैठकीत त्यांनी ती संचालकांच्या हातात दिली.

“मॅडम, आपल्याकडे स्लाइड दाखवायची पद्धत आहे,” संचालक म्हणाले.

“स्लाइड उघडबंद होत नाही सर. लावून बघा.”

संचालकांना तो हूक काही केल्या लागेना. सगळी खोली बघत होती. मॅडम शांतपणे म्हणाल्या, “घरात कधी मदत केलेली दिसत नाही.” संचालकही हसले, पण ते हसू त्यांना पचलं नसावं. मॅडमना साठीनंतर मुदतवाढ द्यायची की नाही हे ज्या समितीने ठरवायचं होतं, तिचे अध्यक्ष तेच होते.

मागून बोलणारेही होते. स्टोअरमधला एक जण त्या समोरून गेल्या की नाक मुरडून विचारायचा, “काय मॅडम, आज काय भाव?” मॅडम न थांबता सांगायच्या, “तुला कसला देऊ? तू मासा वजन बघून घेणारा. डोळे बघून घेणाऱ्याला देते मी.”

मला त्यांनी निवडलं ते मुगावर. नवीन आलो होतो तेव्हा एके दिवशी चार सहायकांना बोलावून प्रत्येकापुढे एकेक बशी मूग ठेवले आणि म्हणाल्या, मोजा. बाकीच्यांनी आकडे दिले. मी म्हणालो, “दोनशे चौदा. आणि एक फुटका आहे. अर्धा धरायचा का पूर्ण?” मॅडमनी बाकी तिघांना चहा प्यायला पाठवलं. मला म्हणाल्या, “बस. हा प्रश्न ज्याला पडतो तोच पाहिजे होता.”

मग मला मोजणीचा नियम दिला. एका काचपट्टीवर शंभर पेशी बघायच्या. उजळलेली दिसली तर उघडी, काळोखी दिसली तर मिटलेली. आणि मधलीच, मिणमिणती दिसली तर? “शंका आली तर मिटलेली,” मॅडम म्हणाल्या. “आपल्याला उघडी हवी आहे ना, म्हणून. ज्या बाजूला आपलं मन ओढतं, शंकेचा फायदा त्याच्या उलट बाजूला.” हे वाक्य मी रजिस्टरच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलं होतं. अजून आहे.

दुसरा नियम काचपट्ट्यांच्या नावांचा. कुठली पट्टी आजारी पेशींची आणि कुठली निरोगी, हे मोजणाऱ्याला कळता कामा नये. म्हणून प्रत्येक पट्टीला त्या दिवसापुरतं माशाचं नाव. रोज चिठ्ठ्या टाकून नावं बदलायची. आज सुरमई आजारी असेल तर उद्या निरोगी. माझ्या रजिस्टरमध्ये नुसतं ‘मांदेली, शंभरात तीस’ असं असायचं. स्टोअरवाल्याने ते रजिस्टर एकदा पाहिलं आणि आठवडाभर तो मला सणसणीत नमस्कार करत होता.

चिठ्ठ्या टाकायचं काम मॅडमच्या विद्यार्थिनीचं. लांब वेणीची, बारीक आवाजाची मुलगी. त्यामुळे पट्ट्यांचं गुपित मलाही माहीत नसे आणि मॅडमनाही. पुढे मुलगी लग्नासाठी रजेवर गेली, त्याच सुमारास सूक्ष्मदर्शकाचा कॅमेरा दुरुस्तीला गेला, आणि नेमकं तेव्हाच या कडीचं शेवटचं, निर्णायक काम करायचं होतं. समिती तीन महिन्यांवर आली होती.

मॅडम म्हणाल्या, “कॅमेरा नसला तर नसला. कॅमेऱ्याच्या आधी माणसं आंधळी होती काय? तलाठी, तू डोळ्याने मोज. चिठ्ठ्या मी टाकते.”

चाळीस दिवस आम्ही मोजलं. खोलीला काळा पडदा. मी डोळा भिंगाला लावून बसायचो आणि हातात एक छोटं मोजणीयंत्र धरायचो, उघडी पेशी दिसली की अंगठ्याने दाबायचं. दाबलं की खटका वाजतो. त्या प्रकाशात रंग अर्ध्या मिनिटात विटायचा, त्यामुळे एकदा पाहिलेली पेशी पुन्हा बघता येत नसे. मी म्हणेन तोच आकडा.

पहिले आठ दिवस आकडे लहान आले. शंभरात एका माशाच्या अडतीस, दुसऱ्याच्या चोवीस. कधी सदतीस-पंचवीस. संध्याकाळी मॅडम त्यांच्या चिठ्ठीशी ताडून बघायच्या. फरक होता, पण त्यांना हवा तेवढा नव्हता. आठव्या दिवशी त्यांनी त्या पानांवर लाल पेन्सिलीने आडवी रेघ मारली. “हे हात बसायचे दिवस. द्रावणातल्या मिठाचं प्रमाण बदलते. उद्यापासून खरं.”

नवव्या दिवशी त्यांनी मला बांगडा दिला आणि म्हणाल्या, “मी चहा घेऊन येते.” तासाभराने सुरमई दिली आणि स्टूल ओढून माझ्या बाजूला बसल्या. दुपारी तेच. हलवा दिला, चहाला गेल्या. रावस दिला, बसून राहिल्या. दहाव्या दिवशी नावं बदलली, चहा बदलला नाही.

निरोगी पेशींत बघण्यासारखं काही नव्हतं, म्हणून त्या उठून जायच्या. आजारी पेशींत त्यांचा जीव होता, म्हणून बसायच्या. त्यांच्या स्वतःच्या ते लक्षातही आलं नव्हतं. मला मात्र कळलं. अंधाऱ्या खोलीचं दार किती वाजता उघडलं हेसुद्धा मी लिहितो. सवयच आहे. रात्री जेवून उठल्यावर दोन दिवसांच्या वेळा एकाखाली एक मांडल्या आणि माझी खात्री झाली.

लालबागच्या आमच्या दोन खोल्यांत गुपित राहत नाही. बायकोने विचारलं, “काय झालं, जेवलात पण नाही नीट?” मी सांगितलं.

“मग सांगून टाका ना त्यांना.”

“काय सांगू? मॅडम, चहा बंद करा?”

“चहा कशाला बंद करायचा? मला कळतंय, एवढं सांगा. एक वाक्य आहे.”

“उद्या सांगतो.”

“बघा हं,” ती म्हणाली. “तुम्ही पंख्याचा रेग्युलेटर कुठल्या आकड्यावर होता ते सांगायला झोपेतून उठवता मला.”

दुसऱ्या दिवशी मी सांगायच्या तयारीनेच गेलो होतो. मॅडमनी काचपट्टी लावली, स्टूल ओढलं. पडद्याआडच्या अंधारात दोन माणसं बसली की एकमेकांचा श्वास ऐकू येतो. मी भिंगातून बघू लागलो. एक स्पष्ट उघडी दिसली, मी दाबलं, खटका वाजला. शेजारी मॅडमचा धरलेला श्वास सुटला. पुन्हा खटका, पुन्हा श्वास. मधे चार-पाच पेशी काळोख्या आल्या, खटका नाही. स्टूल कुरकुरलं. मग एक मिणमिणती आली. अशी, की आठवड्यापूर्वी मी विचार न करता सोडून दिली असती.

माझा अंगठा दाबला गेला.

मला इथे स्वतःला सवलत द्यायची नाही. ‘दाबला गेला’ हेही खरं नाही. मी दाबला. नसलेली पेशी मी एकही मोजली नाही, हे मी पुढे कित्येक महिने स्वतःला सांगत राहिलो, आणि ते खरंही आहे. पण त्या दिवसापासून आजारी पट्टीत शंका आली की मी उघडी धरू लागलो. आणि निरोगी पट्टीत, मॅडम चहाला गेलेल्या असताना, सरळ उजळलेली पेशी दिसली तरी मला तिच्याबद्दल शंका येऊ लागली. आकडे चौसष्ट आणि अकरा झाले. एकसष्ट आणि बारा. संध्याकाळी मॅडम चिठ्ठी उघडायच्या आणि त्यांच्या चेहऱ्यावर जे यायचं ते बघायला मी थांबायचो. ते वाक्य मी सांगितलं नाही. एक दिवस राहून गेलं की दुसऱ्या दिवशी त्यात कालचाही दिवस मिळवून सांगावा लागतो. मग ते वाढतच जातं.

चाळीस दिवस झाले तेव्हा मॅडमनी घरून डबाभर तळलेले बोंबील आणले. संस्थेच्या मागच्या जिन्यात बसून आम्ही खाल्ले. स्टोअरवाल्यालाही बोलावलं. “घे रे,” त्या त्याला म्हणाल्या, “आज भाव नाही, फुकट.” मग माझ्या पाठीत धपका घालून सगळ्यांना सांगितलं, “हा बघा. यंत्रापेक्षा खरा माणूस.”

कॅमेरा दुरुस्त होऊन आला, विद्यार्थिनीही लग्न करून परत आली. समितीपुढे जाण्याआधी कॅमेऱ्याने एकदा खात्री करायची ठरली. चिठ्ठ्या मुलीने टाकल्या, फोटो काढले, संगणकाने मोजले. सदतीस आणि पंचवीस. दुसऱ्या दिवशी अडतीस आणि चोवीस. आठवडाभर तेच.

मॅडमनी माझं रजिस्टर मागवलं. लाल रेघ मारलेली आठ दिवसांची पानं कॅमेऱ्याच्या कागदाशेजारी ठेवली. मी समोर उभा होतो. मला वाटलं, संपलं. इतकी हुशार बाई, आकडे शेजारी शेजारी आहेत, आता कळणार.

“बघ,” त्या मुलीला म्हणाल्या. “हुबेहूब पहिल्या आठवड्याचे आकडे. म्हणजे तेव्हा जे चुकत होतं तेच पुन्हा चुकतंय. आपल्या कडीत कुठेतरी खोट आहे, ती मधे बरी झाली होती, आता परत आली.”

मुलगी बारीक आवाजात म्हणाली, “मॅडम, मधल्या मोजणीतच काही झालं असेल तर? चिठ्ठ्या तुम्ही टाकत होतात.”

मॅडम माझ्याकडे वळल्या. “तलाठी, तुला कळत होतं का रे, कुठली पट्टी कुठली ते?”

त्यांनी सरळ विचारलं होतं. खोलीत आम्ही तिघंच होतो.

“नाही मॅडम,” मी म्हणालो.

“झालं?” त्या मुलीला म्हणाल्या. “याला विचारलं, विषय संपला.”

त्यानंतर समिती दोनदा पुढे ढकलली गेली आणि मधले आठ महिने मॅडम ती खोट शोधत होत्या. डीएनए दुसरीकडून मागवला. मीठ बदललं. पाणी बदललं. खोलीतली वातानुकूलन यंत्रणा बंद करून घामाने निथळत काम केलं. रोज सकाळी नवा तर्क आणि संध्याकाळी तोच आकडा. मला त्या पुन्हा पुन्हा विचारायच्या, “त्या बत्तीस दिवसांत आपण काय वेगळं करत होतो, आठव. तुझ्या लक्षात राहतं सगळं.” मी खोलीचं तापमान सांगायचो, काचपट्ट्यांच्या पेटीचा क्रमांक सांगायचो. सगळं अचूक सांगायचो.

मुलीने एकदा धीर करून म्हटलं, “मॅडम, कॅमेऱ्याचा फरक लहान आहे, पण रोज तोच येतो. तेवढाच घेऊन समितीपुढे जाऊ या. कडी काम करते, एवढं तरी सिद्ध होतं.”

मॅडम चिडल्या की घरची बोली यायची. “मना नको शिकवू! चौसष्ट दाखवलेली कडी सदतीस दाखवते, ती कडी नव्हं, ढोंग हाय. या माणसाने डोळ्याने मोजलंय.”

समितीपुढेही त्या तेच बोलल्या. दोन मोजण्यांत इतकी तफावत का, याचं त्यांच्याकडे उत्तर नव्हतं. संचालकांनी विचारलं, “मोजणाऱ्याची चूक असू शकते ना?” मी दाराशी रजिस्टरं घेऊन उभा होतो. मॅडम म्हणाल्या, “मोजणाऱ्यावर माझा विश्वास आहे. दोष कडीत आहे, आणि ती मी केलेली आहे.” मुदतवाढ मिळाली नाही. निरोपाच्या दिवशी शाल आणि नारळ दिला. मी त्यांची एकवीस खोकी टॅक्सीपर्यंत नेली. त्या म्हणाल्या, “एक राहिलं असेल तर तूच सांगशील.”

काही राहिलं नव्हतं.

वर्षभराने त्या मुलीचा फोन आला. ती आता दुसऱ्या शहरात नोकरीला होती, तिथे तिला स्वतःचं काम सुरू करायचं होतं. जुनी रजिस्टरं जपून ठेवा, म्हणाली, पण लागतील असं वाटत नाही. “मला कडीवरच पुढे काम करायचं होतं, पण मॅडम म्हणतात, तो नाद सोड, ती कडी फसवी आहे, माझं गेलं तसं तुझं आयुष्य घालवू नकोस. मॅडमच तसं म्हणतात म्हटल्यावर... परवा अर्ज भरायचा आहे, दुसराच विषय लिहिते आता.”

मी फोन ठेवला. बायको समोरच होती. दुसऱ्या दिवशी रविवार होता.

वरळी कोळीवाड्यात मॅडम घराच्या पुढच्या खोलीत पाटावर बसून कोळंबी सोलत होत्या. मला बघून खूश झाल्या. “तलाठी! ये, बस. हात बरबटलेत, नाहीतर पाठीत घातली असती.” मी बसलो नाही. उभ्याउभ्याच सांगून टाकलं. त्या निरोगी पट्टी लावून चहाला जायच्या, आजारी लावून बसायच्या. मला नवव्या दिवशी दिसलं, दहाव्या दिवशी खात्री झाली. पुढे मी शंका कशी वापरली. त्यांनी विचारलं तेव्हा खोटं बोललो.

मॅडमचे हात चालू होते. एक कोळंबी सोलून झाली, दुसरी घेतली, ती तशीच हातात राहिली.

“किती?” त्यांनी विचारलं.

“काय किती?”

“शंकेच्या किती दाबल्यास? एका पट्टीत. दहा? वीस?”

मला सांगता आलं नाही. आमच्या इमारतीच्या दोन्ही जिन्यांच्या पायऱ्या मला पाठ आहेत. पण त्या पेशी मी तेव्हाच स्वतःपासून लपवत होतो, त्या मोजणार कुठून? मी तसं सांगितलं.

हातातली कोळंबी त्यांनी परत ठेवली. मग स्वतःशीच म्हणाल्या, “म्हणजे कॅमेऱ्याचा आकडा खरा होता.” आणि थोड्या वेळाने, “लहान होता. पण पुरला असता.”

मी माफी मागायला तोंड उघडलं. त्यांनी हाताने गप्प केलं. रागाने नाही. दुसरा काही हिशेब डोक्यात चालू असताना मधे बोलणाऱ्याला गप्प करतात तसं.

“पहिले आठ दिवस?”

“तेव्हा कळत नव्हतं.”

“नक्की?”

“नक्की. पहिले आठ दिवस तुम्ही दोन्ही वेळा बसून असायचात. दाराच्या वेळा आहेत माझ्याकडे.”

“वेळा मी बसले होते एवढंच सांगतील. तुला कळत नव्हतं, हे कुठे लिहिलंय?”

कुठेही लिहिलेलं नव्हतं.

त्यांनी उठून हात धुतले, पदराला पुसले आणि फोन लावला. मोठ्या आवाजात बोलायची सवय, पलीकडचंही सगळं ऐकू येत होतं.

“अगं, अर्ज पाठवलास का? नाही ना? मग थांब. कडी खरी आहे. हो, आपलीच. लिहून घे. कॅमेऱ्याचे सगळे आकडे धर. डोळ्याने मोजलेले मधले बत्तीस दिवस बाद. पहिल्या आठ दिवसांवर मी रेघ मारली होती ना, ते परत घे. ते खरे आहेत. डोळा आणि कॅमेरा, दोन्हींकडून तोच फरक येतो, असं लिही. हे तुझ्या अर्जाला पुरेल.”

पलीकडे मुलगी गोंधळून गेली होती. “मॅडम, पण बत्तीस बाद आणि आठ खरे, हे आपण कशावरून म्हणायचं? लिहिताना कारण द्यावं लागेल.”

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग असता तर मला बरं वाटलं असतं. मुगाच्या बशीवर मी प्रश्न विचारला होता त्या दिवशी त्यांनी असंच पाहिलं होतं की नाही, मला आता नेमकं सांगता येत नाही.

“मोजणाऱ्याने सांगितलंय,” त्या फोनमध्ये म्हणाल्या. “तसंच लिही.”